खलाशांची इंग्रजी

आपल्याकडे अभ्यासक्रम आधी तयार होतो आणि विद्यार्थी मागाहून येतो. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाचे सन्मान्य सभासद उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी जमतात, गतसालच्या मसुद्यातला एक निबंध वगळून त्या जागी दुसरा घालतात, चहापान होते, आणि जून महिन्यात जो कोणी वर्गात येऊन बसेल त्याला तो मसुदा लागू होतो. हा मुलगा पुढे वकील होणार, विम्याची एजन्सी घेणार, की गावी परतून वडिलांची आंब्याची बाग सांभाळणार, याची विचारपूस करण्याचे कोणाला कारण पडत नाही. माझ्या उमेदीची बरीच वर्षे अशाच वर्गांत कविता व निबंध शिकविण्यात गेली आणि त्याबद्दल मला यत्किंचितही खंत वाटत नाही, कारण साहित्य शिकवावे ते असेच, त्याचे पुढे काय होईल याचा हिशेब न मांडता. परंतु ज्याला इंग्रजी हवी आहे ती एका नेमक्या कामापुरती, ज्याच्या हाती वेळ मोजका आहे, आणि एखादा शब्द चुकीचा ऐकला गेल्यास ज्याचा हात किंवा पाय जाऊ शकतो, अशा विद्यार्थ्यापुढे हा उदार बेहिशेबीपणा चालत नाही.

महाविद्यालयीन नोकरीतून मोकळा झाल्यावर मुंबईनजीकच्या एका खाजगी नौका-प्रशिक्षण संस्थेचे काम माझ्याकडे आले. व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना तेथे सहा महिने तयार करीत. दाभोळ-हर्णै-गुहागरच्या बाजूची, रायगडातली, मालवण-वेंगुर्ल्याकडची मुले होती. समुद्र ज्यांनी सहलीखेरीज पाहिलेला नाही अशी सातारा-सांगलीची होती. आणि पुढेपुढे बिहार व उत्तर प्रदेशातून आलेल्यांची संख्या वाढत गेली. संस्थेच्या दप्तरातून मला आलेल्या पत्रात दोनच ओळी होत्या: प्रशिक्षणार्थींची इंग्रजी सुधारणे अगत्याचे झाले आहे, सबब तत्संबंधी अभ्यासक्रमाची तजवीज सादर करावी. इंग्रजी सुधारणे म्हणजे नेमके काय करणे, हे मी कचेरीत जाऊन विचारले. कंपन्यांची तक्रार आहे, असे उत्तर मिळाले. तक्रारीचे कागद पाहावयास मागितले तेव्हा एक फाईल निघाली आणि तिच्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या शेऱ्यांतून एकच वाक्य पुनःपुन्हा आढळले, की मुलांचे ‘कम्युनिकेशन’ कच्चे आहे. त्या शेऱ्यावरून अभ्यासक्रम करणे म्हणजे रोग्याला बरे वाटत नाही एवढ्या माहितीवर औषध देण्यासारखे होते.

खलाशाला इंग्रजी यावी ही अपेक्षाच मुळी फार जुनी नाही. किंबहुना दोनशे वर्षांपूर्वी गोष्ट नेमकी उलटी होती. कंपनी सरकारच्या फौजेतला, कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजशी संबंध असलेला थॉमस रोबक नावाचा एक अधिकारी होता. त्याने 1811 साली जहाजावरील संज्ञा व हुकूम यांचा एक इंग्रजी-हिंदुस्थानी कोश कलकत्त्यास छापविला. तो कोणासाठी, तर हिंदी खलाशांकडून काम करवून घेणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. खलाशांची, म्हणजे त्या वेळच्या भाषेत ‘लष्करां’ची, जी लष्करी बोली त्या काळी शिडाच्या जहाजांवर चाले, तिच्यात हिंदुस्थानी, फारसी, अरबी, पोर्तुगीज असे सारे मसाले होते, आणि ती शिकल्यावाचून साहेबाला शीड उतरविता येत नसे. भार उतरविताना ‘आरिया’ आणि उचलताना ‘हबेस’ अशी जी आरोळी आजही गोदीत आणि इमारतीच्या कामावर यारीखालचा खलाशी देतो, ती त्याच बोलीची शिल्लक. गरजेवर बेतलेले भाषेचे पुस्तक ही विसाव्या शतकाची नवलाई मानणाऱ्यांनी रोबकचा हा उद्योग अवश्य ध्यानात घ्यावा. त्यात विद्यार्थी तेवढा साहेब होता.

त्यानंतर आगबोटी आल्या तरी खलाशाला इंग्रजीची गरज लागली नाही, याचे कारण सारंग. मोठ्या विलायती कंपन्यांच्या बोटींवर डेकवरची माणसे बहुधा रत्नागिरी व गुजरातच्या किनाऱ्यावरची, इंजिनात पंजाब व सरहद्दीकडची, आणि सलूनमध्ये, म्हणजे उतारूंच्या जेवणाखाणाच्या व्यवस्थेत, गोव्याची, अशी वाटणी ठरून गेलेली होती. डेकवरची टोळी सारंग आपल्याच पंचक्रोशीतून गोळा करी. त्याच्या हाताखाली टंडेल, मग कसाब, सुकाणी आणि बाकीचे लष्कर. अधिकारी बोले तो सारंगाशी. सारंग जे समजे ते आपल्या बोलीत खाली सांगे, आणि टोळीतला माणूस तीस-तीस वर्षे जग हिंडून आला तरी ‘येस सर’पलीकडे त्याचे अडत नसे. या व्यवस्थेत जुलूमही होता आणि दलालीही होती, हे खरे. परंतु भाषेपुरते पाहिले तर सारंग हा सगळ्या टोळीचा दुभाषा होता, आणि तो एक शिकला की सारे शिकल्यासारखे होते.

दापोली तालुक्यात खाडीकाठच्या एका गावी असा एक वृद्ध सारंग मला भेटला. पडवीत झोपाळ्यावर बसून त्यांनी मला दोन तास दिले. आयुष्यभर डेकवर काढलेले, शेवटची काही वर्षे मात्र निराळ्या प्रकारच्या जहाजांवर गेलेली. मी त्यांना विचारले, “चाचा, सारंग होण्याआधी, तरुणपणी, साहेबाचा हुकूम तुम्हाला कळला नाही तर काय करायचात?” ते हसले. म्हणाले, “मास्तर, कळायचा कोणाला? आम्ही शेजाऱ्याच्या हाताकडं बघायचो. त्याचे हात चालले की आपले चालवायचे.” आणि मग थोडे थांबून त्यांनी जे सांगितले त्याने माझे अर्धे काम केले: “आता बघायला शेजारी आहे कुठं? मागच्या बाजूला दोन माणसं असतात. एक फिलिपिनो, एक आपला पोरगा.”

साऱ्या प्रश्नाचे मूळ यात होते. ज्या जहाजावर पूर्वी पन्नास-साठ माणसे असत, तेथे कंटेनर व यांत्रिक विंचेस आल्यावर वीस-बावीसांत काम भागू लागले. जहाजाची मालकी एका देशाची, निशाण दुसऱ्या देशाचे, माणसे पुरविणारा दलाल तिसऱ्या देशाचा, अशी रीत पडली. कप्तान युक्रेनचा, दुसरा अधिकारी फिलिपाइन्सचा, इंजिनिअर केरळचा आणि डेकवर आमचा गुहागरचा मुलगा. दुभाषा गेला, शेजारी गेला, आणि जी भाषा एकट्या सारंगाच्या माथी होती ती प्रत्येकाच्या वाट्याला आली. मुलांची इंग्रजी पूर्वीपेक्षा बिघडली म्हणून कंपन्यांच्या तक्रारी वाढल्या, असा जो समज सर्वत्र होता, तो मला तरी निराधार वाटला. दहावी झालेल्या या मुलांची इंग्रजी त्यांच्या आजांपेक्षा निश्चितच बरी होती. तिच्यावर पडणारा भार तेवढा वाढला होता.

कायद्यालाही हे उमगले होते. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 1978 चा. त्यात 1995 साली मोठी दुरुस्ती झाली. त्याच्या आगेमागे, 1990 च्या एप्रिलमध्ये, नॉर्वेहून डेन्मार्ककडे जाणाऱ्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या उतारू बोटीला रात्री आग लागून दीडशेहून अधिक माणसे दगावली. खलाशी बहुतांशी पोर्तुगीज होते, आणि उतारूंशी त्यांना धड बोलता येईना. अशा अपघातांच्या दडपणाखाली जागतिक नौकानयन संघटनेने 1977 च्या जुन्या नाविक शब्दसंग्रहाच्या जागी प्रमाण वाक्यांचा एक विस्तृत संग्रह सिद्ध केला आणि 2001 च्या नोव्हेंबरमध्ये तो मंजूर केला. आमच्या धंद्यात तो एसएमसीपी या आद्याक्षरांनी ओळखला जातो. हा ग्रंथ मी साहित्याच्या जुन्या सवयीने वाचावयास घेतला आणि, लपविण्यात अर्थ नाही, मला तो आवडला. शंकेला जागा ठेवणारे सारे शब्द त्यातून हाकलून लावले आहेत. ‘मे आय एंटर द फेअरवे?’ असे विचारू नये, असा त्यात सल्ला आहे, कारण ‘मे’ या शब्दात परवानगी, शक्यता आणि इच्छा यांची सरमिसळ होते. आधी ‘क्वेश्चन’ असे म्हणून मग मला परवानगी आहे काय, असे सरळ विचारावे. सल्ला, इशारा, माहिती, विनंती, यांपैकी आपण काय बोलणार आहोत ते बोलण्याआधीच जाहीर करावे. आकडे सुटे सुटे उच्चारावे, म्हणजे ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा घोळ होणार नाही. पंधराला ‘वन-फाइव्ह’, पन्नासला ‘फाइव्ह-झिरो’. ज्या भाषेत मी जन्मभर ध्वनी आणि श्लेष शोधीत आलो, तिची अशी श्लेषविरहित आवृत्ती कोणी जाणीवपूर्वक घडविली आहे याचे मला मोठे कौतुक वाटले.

मात्र हा ग्रंथ म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, आणि अनेक संस्थांत त्याचाच अभ्यासक्रम करून टाकलेला मी पाहिला. मुले वाक्यांच्या याद्या घोकतात आणि परीक्षेत त्या लिहून काढतात. संग्रहातला पुष्कळ भाग अधिकाऱ्यांसाठी आहे. नवख्या खलाशाच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा येतो, आणि तो कोणता हे जहाजावर गेल्याखेरीज कळत नाही. म्हणून मी संस्थेकडे परवानगीचा अर्ज केला, आणि तो या टेबलावरून त्या टेबलावर बराच हिंडल्यानंतर एका मालवाहू जहाजाच्या पिछाडीस, बंदरात जहाज धक्क्याला लागत असताना, मला कोपऱ्यात उभे राहावयास मिळाले.

तेथे जे पाहिले ते थोडे तपशिलाने सांगतो. पिछाडीच्या डेकवर दुसरा अधिकारी, त्याच्या डाव्या हातात वॉकीटॉकी. दोन खलाशी, पैकी एक विंचवर. जाड दोर गुंडाळ्या घालून मांडलेले. वर जहाजाच्या ब्रिजवरून कप्तानाचा आवाज वॉकीटॉकीतून खरखरत येतो. वारा, विंचचा घोंघाट आणि टगबोटीचे इंजिन यांतून तो निम्मा ऐकू येतो. ‘सेंड आउट द स्टर्न लाइन.’ दोर खाली जातो, धक्क्यावरची माणसे त्याचा फासा खुंट्यावर चढवितात. ‘हीव्ह.’ दोर ताणला जातो, त्यातून पाणी पिळून निघते. ‘होल्ड ऑन.’ विंच थांबते. ‘स्लॅक अवे.’ येथे मोटार फिरते ती उलट दिशेस. हीव्ह म्हणजे ओढ आणि स्लॅक म्हणजे सोड. एकाऐवजी दुसरे झाले तर ताणलेला दोर तुटून चाबकासारखा परत येतो, आणि त्याच्या माऱ्यात सापडलेला माणूस वाचणे कठीण असते. विंचवरचा मुलगा आमच्याच संस्थेतून वर्षभरापूर्वी गेलेला होता. त्या साऱ्या वेळात त्याने उच्चारलेले शब्द मी टिपून घेतले: ‘येस सर’, ‘ओके सर’, पुन्हा ‘येस सर’. एकदा हुकूम वाऱ्यात बुडाला. मुलगा ‘येस सर’ म्हणाला, आणि त्याची नजर अधिकाऱ्याच्या मोकळ्या उजव्या हाताकडे गेली. चाचांच्या पिढीची युक्ती त्याच्यात शाबूत होती.

कंपन्यांचा शेरा बोलण्याविषयी होता, प्रत्यक्षात उणीव ऐकण्यात होती. आणि त्याहूनही खोल पाहता उणीव भाषेची नव्हतीच. ‘से अगेन, सर’ हे तीन शब्द त्या मुलाला येत नव्हते असे नाही. वरिष्ठाला ‘पुन्हा सांगा’ म्हणणे हा उद्धटपणा आहे, हे त्याला शाळेत, घरी आणि गावच्या चावडीवर इतक्या कसोशीने शिकविलेले होते की इंग्रजीतदेखील त्याची जीभ वळेना. जहाजावरची रीत याच्या नेमकी विरुद्ध आहे. सुकाणूवर ‘पोर्ट टेन’ असा हुकूम आला की सुकाणी तो मोठ्याने परत उच्चारतो, चाक फिरवितो, आणि जहाज सुकाणूला जुमानीत नसेल तर तसे कळवितो. न समजता हो म्हणणे हाच तेथला खरा उद्धटपणा. (त्यातही गंमत अशी, की इंग्रजी जहाजांवर 1933 पूर्वी ‘स्टारबोर्ड’, म्हणजे उजवीकडे, या हुकुमाने जहाज डावीकडे वळत असे, कारण हुकूम सुकाणूच्या दांड्याला दिलेला असे, जहाजाला नव्हे. ती प्रथा कायद्याने बदलावी लागली. शब्द आणि कृती यांची फारकत काही आमच्याच मुलांच्या वाट्याला आलेली नाही.)

तेव्हा अभ्यासक्रमाचा पहिला पंधरवडा मी व्याकरणाला दिला नाही, संभाषणालाही दिला नाही. संस्थेच्या आवारात दोन वर्ग समोरासमोर होते. एकात मी वॉकीटॉकी घेऊन बसे, दुसऱ्यात मुले, जमिनीवर आखलेले डेक, खुर्च्यांचे खुंटे आणि खरा दोर. माझ्या आवाजाच्या जोडीला इंजिनाच्या घोंघाटाची ध्वनिफीत लावलेली असे. काही हुकूम मी मुद्दाम अस्पष्ट देई. जो मुलगा नुसते ‘येस सर’ म्हणे त्याला डाव सोडावा लागे. जो हुकूम उलट म्हणून दाखवी किंवा ‘से अगेन’ म्हणे तो खेळात राही. पहिले काही दिवस मुले लाजली, मग इतकी निर्ढावली की माझा हुकूम स्वच्छ ऐकू आला असतानाही मला छळण्याकरिता ‘से अगेन, सर’ ओरडू लागली. ते मी चालू दिले. पुढे निरनिराळ्या देशांच्या उच्चारांतले हुकूम ध्वनिमुद्रित करून मिळविले, कारण माझ्या पुणेरी इंग्रजीवर तयार झालेला कान मनिला किंवा ओडेसाच्या इंग्रजीपुढे बधिर होतो.

विषयांचा क्रम लावताना मला एका जुन्या शिक्षकाचा आधार मिळाला. मायकेल वेस्ट हा इंग्रज शिक्षणाधिकारी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ढाक्यास होता. बंगालमधील मुलांच्या इंग्रजीसंबंधी त्याने 1926 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मुख्य आग्रह असा, की बहुसंख्य मुले शिक्षण मध्येच सोडतात. तेव्हा मुलाने ज्या दिवशी शाळा सोडली त्या दिवसापर्यंत जे शिकला त्याचा त्याला काही उपयोग झाला पाहिजे. विम्याचा हप्ता थकला तरी पॉलिसी परत करून काही रक्कम हाती येते, तिला विमाव्यवहारात जे नाव आहे तेच नाव वेस्टने शिक्षणाच्या या उरलेल्या मोलाला दिले: सरेंडर व्हॅल्यू. बंगाली मुलाला इंग्रजी बोलण्यापेक्षा वाचण्याचा उपयोग अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि त्यावर त्याने वाचनाची पुस्तके रचली. निष्कर्षाशी माझे जमत नाही; माझ्या मुलांना आधी कान हवे होते. परंतु प्रश्न विचारण्याची त्याची पद्धत अजोड आहे. आमच्याकडेही फीचा दुसरा हप्ता न भरता आल्याने मुले गळत, आणि क्वचित कोणाला जहाज लवकर मिळून तो मुदतीआधीच जाई. म्हणून सुकाणूचे हुकूम, दोर बांधण्याचे हुकूम, आग व ‘मॅन ओव्हरबोर्ड’च्या सूचना, बंदिस्त टाकीत उतरण्यापूर्वीचे प्रश्न, हे सारे आधी, क्रियापदांचे काळ नंतर. पारंपरिक अभ्यासक्रमात हा क्रम नेमका उलटा असतो.

एवढी मेहनत केल्यावर मुले संतुष्ट होतील अशी कोणाची अपेक्षा असेल तर तो मुलांना ओळखत नाही. चिपळूणकडच्या एका मुलाने वर्गानंतर मला गाठून विचारले, “सर, हे पोर्ट-स्टारबोर्ड गावात कुणाला बोलून दाखवू? आम्हाला फाडफाड इंग्रजी कधी शिकवणार?” त्याचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. बापाने कर्ज काढून ज्या इंग्रजीसाठी त्याला धाडले ती लोकांपुढे मिरविता येणारी होती, आणि बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेरीत मुलाखत घेणाराही त्याला दोराचे हुकूम विचारणार नव्हता. तुझी ओळख करून दे, असे म्हणणार होता. हचिन्सन व वॉटर्स या दोन ब्रिटिश लेखकांनी 1987 च्या आपल्या ग्रंथात विद्यार्थ्याच्या गरजेचे तीन भाग पाडले आहेत: कामासाठी जे आवश्यक ते, त्यापैकी ज्याची उणीव आहे ते, आणि विद्यार्थ्याला स्वतःला जे हवेसे वाटते ते. अशा त्रिपदी मांडण्यांचा मला सहसा कंटाळा येतो, पण यातले तिसरे पद त्यांनी घातले याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आठवड्यातून एक तास मी फाडफाड इंग्रजीला दिला. त्यात मुलाखती झाल्या, टाय बांधण्याचा उपचार झाला, क्रिकेटवर वाद झाले. त्या तासामुळे बाकीचे तास चालले, असे माझे आजही मत आहे.

हे तिन्ही भाग मांडूनही एक गोष्ट बाहेर राहते, आणि तिच्यासाठीच मी हे लिहावयास घेतले आहे. गरजांची यादी कोण लिहितो? अभ्यासक्रमाचा खर्च कंपनी उचलते, निदान कंपनीच्या मर्जीवर संस्था चालते. साहजिकच ज्या इंग्रजीने खलाशी हुकूम नीट पाळील तिचीच नोंद त्या यादीत होते. परंतु त्याच मुलाच्या हाती जहाजावर चढण्यापूर्वी इंग्रजीतला एक करारनामा ठेवला जातो. मूळ पगार किती, जादा कामाचा दर काय, किती महिन्यांनी परतीचे तिकीट, आजारी पडल्यास खर्च कोणाचा, घरी पाठविण्याची रक्कम कोणत्या तारखेस, हे सारे त्यात असते, आणि मुलगा शेवटच्या पानावर सही करतो. ज्या वाक्यांवर त्याच्या घरची चूल अवलंबून आहे ती त्याला वाचता येत नाहीत. याची तक्रार कंपनीकडून येण्याचा संभव नाही, म्हणून ती कोणत्याही फाईलीत नसते.

मी करारनाम्याचा एक घटक तयार केला. पगाराचे पत्रक वाचणे, जादा तासांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवणे, फरक पडल्यास वरिष्ठांस चार ओळींचा अर्ज लिहिणे, आणि उडवाउडवीचे उत्तर आल्यास काय विचारावे, एवढाच त्याचा आवाका. मसुदा कचेरीत गेला आणि लाल रेघ होऊन परत आला. शेरा असा होता, की सदर घटक भाषेच्या कक्षेबाहेरचा असून मुलांच्या मनात अकारण असंतोष उत्पन्न करील. यावर वाद घालण्यात हशील नव्हते. आमच्या पाठ्यपुस्तकात आकलनासाठी ताजमहालावर एक उतारा होता, आणि मोर या पक्ष्यावर एक. ते दोन्ही उतारे मी काढून टाकले, त्या जागी एका नमुन्याच्या करारनाम्यातील परिच्छेद घातले, आणि खाली रीतीप्रमाणे ‘खालील उताऱ्यावरून प्रश्नांची उत्तरे लिहा’ असे छापविले. कचेरीने तो बदल विनाआक्षेप मंजूर केला. उताऱ्याखालचे प्रश्न कोणी वाचले नसावेत.

पुढे परिस्थिती अंमळ पालटली. 2006 साली झालेला सागरी श्रमिक करार 2013 मध्ये अमलात आला आणि भारताने तो 2015 साली स्वीकारला. खलाशाला सहीपूर्वी करार तपासून पाहण्याची संधी मिळाली पाहिजे, जहाजावर तक्रार करण्याची रीतसर व्यवस्था असली पाहिजे, नोकरी लावून देण्याबद्दल त्याच्याकडून पैसे घेता कामा नये, असे त्यात नमूद आहे. आता माझा घटक त्याच्या खऱ्या नावाने अभ्यासक्रमात येऊ शकला. कायदा झाला म्हणून दलालांनी पैसे घेणे थांबविले, असे मात्र कोणी समजू नये; खाडीकाठच्या गावांत त्याचा दर अजूनही चारचौघांत बोलला जातो.

अलीकडे बोसन, म्हणजे डेकवरच्यांचा मुकादम, झालेला आमचा एक जुना विद्यार्थी सुटीत भेटावयास आला होता. त्याला मी सवयीने विचारले, की अभ्यासक्रमात आणखी काय हवे. डेकवरच्यांचे ठीक चालले आहे, तो म्हणाला. हाल आहेत ते भटारखान्यातल्यांचे. त्याच्या जहाजावरचा स्वयंपाकी मडगावचा, हाताला चव असलेला, परंतु जहाजावर सहा देशांची माणसे. कोणाला डुक्कर चालत नाही, कोणाला गाय, कोणा एकाला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात, आणि शिधासामग्रीची मागणी मात्र इंग्रजीत टंकून द्यावी लागते. भटारी काय शिजवितो यावर बावीस माणसांचा सहा-सात महिन्यांचा स्वभाव ठरतो, आणि तरीही त्याच्या इंग्रजीचा विचार आमच्या अभ्यासक्रमात नाही. मी कचेरीत विचारणा केली. स्वयंपाक्याला सुकाणूचे हुकूम पाळावे लागत नाहीत, सबब त्याच्या इंग्रजीविषयी नियमात तरतूद नाही, असे मला सांगण्यात आले. तरतूद नाही हे खरे. म्हणून सध्या धोबीतलाव आणि माझगाव येथील गोवेकरांच्या कुडांतून, जेथे सुटीवरचे व निवृत्त झालेले बोटीवरचे स्वयंपाकी व स्टुअर्ड अजून उतरतात, मी वही घेऊन जाऊन बसतो. पहिली मागणी जी नोंदली गेली आहे ती पाककृतीची नाही. जेवण परत पाठविणाऱ्या अधिकाऱ्याला, नोकरी न गमावता, काय उत्तर द्यावे, ते त्यांना हवे आहे.